जुन्या वास्तू वाचवून पोट भरेल का?

नमस्कार,

तुमची लेक लातूरला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला जुन्या सार्वजनिक इमारती भूकंपात टिकतील अशा मजबूत करायच्या आहेत, आणि तुम्ही विचारता, "आयटी सोडून हे कसलं खूळ?" खूळ नाही. फक्त वाट नीट निवडायला हवी.

तिने तुम्हाला व्हिडिओ दाखवला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलचा. १९१५ सालची ही इमारत १९८९च्या भूकंपात खिळखिळी झाली. मग एकेका पोलादी खांबाचा भार जॅकवर घेतला, खांब तळाशी कापला, खाली शिशाचा गाभा असलेलं रबरी बेअरिंग (जमिनीचा हादरा वर कमी पोचू देणारी जाड गादीच) सरकवलं आणि भार हळूहळू त्यावर सोडला. अशी पाचशेहून जास्त बेअरिंग. इमारतीला हलायला जागा हवी म्हणून भोवती खंदकासारखी पोकळी ठेवली. १९९९मध्ये ती पुन्हा उघडली.

हे बघून कोणीही भारावेल. पण इतका पैसा आपल्याकडच्या फार थोड्या इमारतींच्या नशिबी येतो. इथलं खरं काम दगड, माती आणि चुन्याच्या भिंतींचं. १९९३च्या किल्लारी भूकंपाबद्दल तुम्हाला मी काय सांगावं! तिथल्या जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते; हादरा बसला तसे ते फुटून सुटले आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड सपाट छपराचं, ओझं. भिंतीच्या आरपार जोड घालणं, चारही भिंती पट्ट्याने बांधणं, चिरांमध्ये योग्य मसाला भरणं हे साधं वाटतं. मात्र मूळ दगडीकामाला धक्का न लावता करायचं तर कसब लागतं.

म्हणून तिने आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर व्हावं. कॉन्झर्व्हेशनच्या, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या, मास्टर्सकडे मुख्यतः आर्किटेक्ट जातात. दोन्ही जाणणारे इंजिनिअर मोजकेच. गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी रुरकीच्या भूकंप अभियांत्रिकी विभागात एम.टेक. करणं मला सर्वांत योग्य वाटतं. पुढे युरोपात ऐतिहासिक बांधकामांच्या विश्लेषणाचं इंग्रजी माध्यमातलं मास्टर्सही आहे, पण त्यासाठी आत्ताच कर्ज काढू नका.

सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असेल, हे गृहीत धरा. गेटच्या गुणांवर सरकारी कंपन्यांची दारंही उघडी राहतात, शिवाय स्ट्रक्चरल ऑडिटची कामं आहेतच.

या सुट्टीत तिला चुन्याचं काम चालू असलेल्या साइटवर महिनाभर पाठवा. गवंड्याच्या हाताखाली राहू दे. परत आल्यावरही हेच करायचं म्हणाली, तर गेटच्या क्लासचे पैसे भरा.