भांडण दोन तारखांचं, फ्लॅट एकच

न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं. गोषवारा असा: यजमान २०१३ ते २०१९ अमेरिकेच्या आर्मीत होते. फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांनी पाठीच्या दुखण्यासाठी व्हीएकडे, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, अर्ज केला. तो त्याच वर्षी फेटाळला गेला आणि कागद ड्रॉवरमध्ये पडून राहिले. झोप उडणं, चिडचिड, गर्दीत घुसमटणं चालूच होतं. २०२२मध्ये व्हीएच्याच डॉक्टरांनी पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतरच्या मानसिक आजाराचं, निदान केलं. १४ सप्टेंबर २०२४ला यजमानांनी व्हीएच्या वेबसाइटवर लॉग-इन करून नवा अर्ज उघडला, अर्धा भरला, सेव्ह केला आणि बंद केला. पुढे एका मित्रानं समोर बसवून कागदी अर्ज भरून घेतला. तो ६ मार्च २०२५ला पोचला. १८ डिसेंबर २०२५चं निर्णयपत्र सांगतं: पीटीएसडी, ७० टक्के अपंगत्व, भरपाई लागू ६ मार्च २०२५पासून. एक वकील म्हणतात, तारीख २०२१पर्यंत मागे नेऊ, जे मिळेल त्याचे ३० टक्के द्या. इकडे दीरांनी पुण्यात वाकडला फ्लॅट पाहून ठेवलाय, बुकिंगला पंधरा लाख लागतील. बँकेत बचत १८ हजार डॉलर. ताई विचारतात, "थकबाकी येणारच आहे, तर आत्ता बचत मोडून बुकिंग करून टाकू का?"

ताई, आधी उत्तर: तारखेसाठी जरूर भांडा, पण बचत मोडू नका. आता कारणं सांगतो, कारण 'येणारच आहे' या तुमच्या शब्दांवर मी बराच वेळ अडखळलो.

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. एक सप्टेंबर २०२४चं, दुसरं फेब्रुवारी २०२१चं. वकील दुसऱ्याबद्दल बोलतात आणि पहिल्याचं नावही काढत नाहीत, याचं मला नवल वाटलं. खरं तर नाही वाटलं.

पहिलं भांडण घेऊ. व्हीएचा साधा नियम असा की भरपाई अर्ज पोचल्याच्या तारखेपासून किंवा हक्क सिद्ध झाल्याच्या तारखेपासून, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून लागू होते. दुखणं किती जुनं आहे याला तिथे किंमत नाही. मात्र 'इंटेंट टू फाइल' नावाची एक सोय आहे: अर्ज करायचा आहे एवढं कळवून ठेवलं आणि पूर्ण अर्ज एका वर्षाच्या आत दिला, तर कळवल्याची तारीख धरली जाते. लॉग-इन करून ऑनलाइन अर्ज सुरू करून सेव्ह केला की ही नोंद आपोआप होते, आणि त्यात आजाराचं नाव लिहावं लागत नाही. तुमच्या यजमानांनी १४ सप्टेंबरला 'पुढे हिंमत झाली नाही' म्हणून जे अर्धवट सोडलं, तेच आज तुमच्या कामाचं आहे. सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचला, निदान तर २०२२चं, म्हणजे दुसरी अटही आड येत नाही. माझा अंदाज असा की ऑनलाइन नोंद एकीकडे राहिली, टपालानं आलेला कागद दुसरीकडे गेला आणि निर्णय लिहिणाऱ्यानं कागदावरचा शिक्का पाहून तारीख टाकली.

हे भांडण किती पैशांचं? पैसे लागू तारखेच्या पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होतात. म्हणजे तुम्हाला १ एप्रिल २०२५पासून मिळाले, ते १ ऑक्टोबर २०२४पासून मिळायला हवेत. फरक सहा महिन्यांचा. ७० टक्क्यांचा मूळ दर २०२४चा १,७१६.२८ डॉलर आणि डिसेंबर २०२४पासून १,७५९.१९. पहिले दोन महिने जुन्या दरानं, पुढचे चार नव्या दरानं: एकूण १०,४६९ डॉलर. तुमच्यासाठी आणि मुलासाठी मिळणारी भर धरली तर थोडं आणखी. करपात्र नाही, टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचीही गरज नाही.

दुसरं भांडण. तारीख फेब्रुवारी २०२१ला गेली तर मूळ दरांनीच हिशेब ७८,९५० डॉलरवर जातो. आकडा असा की माणसाची झोप उडावी. वकिलांचा आधार काय, तर तेव्हाच्या तपासणीत यजमानांनी डॉक्टरांना 'रात्री झोप लागत नाही' असं सांगितलं होतं आणि ते कागदावर आहे. पण तो अर्ज पाठीचा होता. मार्च २०१५पासून व्हीएला अर्ज ठरलेल्या फॉर्मवरच लागतो; तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेली तक्रार म्हणजे अर्ज नव्हे. शिवाय त्या निर्णयाविरुद्ध वर्षभरात काही केलं नाही, त्यामुळे तो कायम झाला. कायम झालेला निर्णय उघडायला ढळढळीत चूक दाखवावी लागते. तिथे 'अधिकाऱ्यानं पुरावा नीट तोलला नाही' एवढं पुरत नाही. त्या वेळच्या कायद्यानं आणि त्या वेळच्या कागदांवरून निकाल निर्विवाद वेगळाच लागला असता, असं सिद्ध करावं लागतं. दुसरी एक फट आहे: तेव्हा फाइलमध्ये नसलेले आर्मीचेच जुने सेवा-कागद नंतर सापडले आणि त्यांच्या आधारे हक्क मिळाला, तर व्हीएला जुना अर्ज पुन्हा पाहावा लागतो. पण तुमच्याकडे तसे कागद नाहीत, आणि असते तरी जुना अर्ज पाठीचाच.

तुम्ही लिहिलंय, "आजारच असा होता की त्यांना अर्ज करणं जमलं नाही, हे कोणी समजून घेणार नाही का?" हा प्रश्न अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. अॲडॉल्फो अरेलानो नौदलात होते, 'मिडवे' या विमानवाहू जहाजावर. १९८०मध्ये त्या जहाजाची टक्कर झाली, सहकारी गेले. १९८१मध्ये ते सेवेतून सुटले. मानसिक आजारासाठी अर्ज केला तीस वर्षांनी, २०११मध्ये. सुटल्यानंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर भरपाई सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मिळते. आजारामुळेच ती मुदत हुकली, म्हणून सूट द्या, असं त्यांचं म्हणणं. २३ जानेवारी २०२३ला कोर्टानं एकमतानं नाही म्हटलं: कायद्यानं अपवाद मोजून दिलेत, कोर्ट त्यात भर घालणार नाही. मला हा निकाल निष्ठुर वाटतो. पण तुमचं बजेट माझ्या वाटण्यावर चालणार नाही.

म्हणून माझ्या वहीत ते ७९ हजार शून्य म्हणून लिहिलेत. दहा हजारांच्या पुढे मी 'बहुधा' असं लिहिलंय, 'आले' असं नाही.

आता भांडायचं कसं. निर्णयाच्या तारखेपासून एक वर्ष आहे, म्हणजे १८ डिसेंबर २०२६. ती कॅलेंडरवर लिहा आणि तिची वाट बघू नका. वाटा तीन: वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, नव्या पुराव्यासह पुरवणी अर्ज, किंवा वॉशिंग्टनच्या बोर्डाकडे अपील. तुमच्यासाठी पहिली. त्यात नवा पुरावा देता येत नाही, पण तुमचा पुरावा व्हीएच्याच संगणकात आहे. फॉर्म २०-०९९६, त्यात 'पीटीएसडीची लागू तारीख' एवढाच मुद्दा घाला. फोनवर बोलण्याची एक संधी मागता येते, ती मागा, आणि १४ सप्टेंबर २०२४ ही नोंद का पाहिली नाही एवढंच विचारा. पाठीचं, झोपेचं, २०२१चं काही काढू नका. व्हीएचं स्वतःचं उद्दिष्ट सरासरी १२५ दिवसांचं आहे. मी तुमच्या जागी जास्त धरून चालेन. त्या आधी फाइलची प्रत मागवून नोंद खरंच दिसते का ते पाहा. नसेल, आणि व्हीएनं तेव्हा पाठवलेलं पत्र तुमच्या ईमेलमध्ये सापडलं, तर दुसरी वाट धरा: ते पत्र जोडून पुरवणी अर्ज.

७० टक्के कमी होतील का, ही तुमची भीती. तुमच्या बाजूनं नोंदवलेले निष्कर्ष पुढच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतात, ते मोडायला त्यालाही ढळढळीत चूकच दाखवावी लागते. त्यामुळे ही भीती लहान ठेवा.

या पायरीला वकील नको. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम फुकट करतात. ज्या चुकीचा पुरावा व्हीएच्याच नोंदीत आहे, तिच्यासाठी ३० टक्के म्हणजे ३,१४० डॉलर का द्यायचे? नियमानुसार २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी समजतात, आणि व्हीए थकबाकीतून परस्पर कापून देते ती तेवढीच. ३३ टक्क्यांच्या वर गेली तर अवाजवी. तुमचे वकील मधल्या पट्ट्यात आहेत, बेकायदेशीर काही नाही. पण एकदा करार सही केला की सप्टेंबरची तारीख मिळाल्यावरही त्यांचा वाटा निघेल, २०२१ला हात न लावता! पहिलं भांडण फुकटात मिटवा. त्या निर्णयानंतर पुन्हा वर्षभर मुदत मिळते, आणि ढळढळीत चुकीच्या दाव्याला तर मुदतच नाही. तेव्हा २०२१साठी एखाद्या वकिलाला फाइल दाखवावीशी वाटली तर खुशाल दाखवा, २० टक्क्यांवर, आणि फी फक्त त्यानं नव्यानं मिळवलेल्या रकमेवर, असं लिहून घेऊन.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही: थकबाकीवर व्याज मिळत नाही. २०२४चे पैसे २०२४च्याच दरानं, कधीही आले तरी. बिल्डरचं वेळापत्रक मात्र थांबत नाही. पंधरा लाख म्हणजे तुमची जवळजवळ सगळी बचत. त्यानंतर स्लॅबगणिक हप्ते, वर बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, स्टॅम्प ड्युटी वेगळीच. मधे हप्ता चुकला तर बुकिंग रद्द करताना किती कापतील, हे दीरांना विचारलंत का? बाजारात तुरी अशी गत आहे. आणि यजमानांची नोकरी गेल्या दोन वर्षांत दोनदा सुटली हे तुम्हीच लिहिलंय, शेवटच्या ओळीत, जाता जाता. मी ती ओळ सगळ्यात आधी वाचली असं समजा. ते १८ हजार हलवायचे नाहीत.

तुमची खरी कमाई दर महिन्याला येते: आज दोन हजारांच्या थोडी वर, करमुक्त, महागाईनुसार वाढणारी. त्यातले आठशे डॉलर वेगळ्या खात्यात टाकायला लागा. फेरतपासणीचे दहा हजार आले तर तेही तिथेच. दीड-दोन वर्षांनी त्या खात्यात जे असेल त्यावर फ्लॅटचा विचार करू, आणि तो कदाचित वाकडचा नसेलही.

दीरांना मी काय सांगू म्हणून विचारलंत. सांगा की सरकारी कागद अडकलाय, यंदा जमणार नाही. खोटंही नाही ते. आणि फाइलची प्रत मागवायचा अर्ज या आठवड्यात टाका. ती यायलाच वेळ लागतो.