रिपोर्ट मैत्रिणीच्या नावाने पडून आहे

"ताई, वय २९, मोठ्या शहरात एकटी राहते. दोन वर्षांपासून एका मुलासोबत आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने सांगितलं की मधे एकदा दुसऱ्या कोणाबरोबर तरी झालं आणि त्याला क्लॅमिडिया निघाला, म्हणजे ते संबंधातून पसरणारं इन्फेक्शन. गोळ्या घेतल्या, आता बरा आहे. खूप रडला, मी माफ केलं. मला काहीच त्रास होत नाहीये. पण टेस्ट करायची तर कुठे? मावसबहीण एका लॅबमध्ये आहे, इन्शुरन्स बाबांच्या पॉलिसीवर आहे, फोनवर मेसेज आला आणि कोणी वाचला तर? एवढ्या मोठ्या शहरात खरंच गुप्त राहील अशी जागा असते का? त्याने सांगितल्यावर दोन आठवड्यांनी एकदा गेले होते, मैत्रिणीचं नाव, तिची जन्मतारीख आणि माझा जुना बंद झालेला नंबर दिला, पण नंतर रिपोर्ट आणायला जाणं झालं नाही. प्लीज माझं नाव छापू नका."

नाव छापत नाही गं. तसंही तू कोणाचं नाव देशील याचा मला आता भरवसा राहिलेला नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीपण फसले, कागद घेऊन लिहायलाच बसले होते की कुठे जा, काय विचार, आणि मग परत वाचताना ते शेवटचं वाक्य दिसलं. "एकदा गेले होते." अगं म्हणजे तू जाऊन आलीस! जागा शोधलीस, आत गेलीस, नंबर येईपर्यंत बसलीस, सॅम्पल दिलंस, जे करायला लोकांची छाती होत नाही ते सगळं करून झालं तुझं, आणि आता मला विचारतेयस की कुठे जाऊ. आणि "जाणं झालं नाही" काय? असं आपण लांबच्या नातेवाइकाच्या लग्नाबद्दल म्हणतो. सहा आठवडे झाले त्याला.

कोणाला कळेल याची जी यादी तू दिलीयस ना, मावसबहीण, बाबा, फोन, त्यात एक नाव राहिलंय. तुझं. तुला कळू नये म्हणून सगळी धडपड चाललीय, बंद पडलेला नंबर कोण देतं गं?

यावर मी हसत नाहीये. मी स्वतः एकदा गाठीचा रिपोर्ट नऊ दिवस पर्समध्ये घालून फिरत होते, पाकीट न फोडता, ऑफिसला, बाजारात, सगळीकडे. पर्स उघडली की आधी ते पाकीट हाताला लागायचं. त्यामुळे कसं होतं ते मला माहितीये. पण माझ्या त्या नऊ दिवसांत माझ्याशिवाय कोणाचं काही बिघडणार नव्हतं. तुझं तसं नाहीये.

इथे बाकी सगळे तुला म्हणतील की बिचारी, तिची काय चूक, त्याने केलं आणि ही भोगतेय. मी नाही म्हणणार. तो चुकला, मोठं चुकला, पण मग तो गेला, टेस्ट केली, गोळ्या घेतल्या आणि तुझ्यासमोर बसून सांगितलं, ते न सांगताही त्याचं चाललं असतं. आणि तू माफ केलंस. आता माफ केलंस म्हणजे परत जवळ आला असाल असं मी धरून चालते, तू लिहिलं नाहीयेस. गोळ्यांनी तेव्हाचं इन्फेक्शन जातं, पुढच्या वेळेसाठी काही कवच मिळत नाही. तुझ्यात असेल तर तो बरा होऊन पुन्हा तुझ्याकडूनच घेऊन गेला असेल आणि दोघंही निवांत असाल की विषय संपला. म्हणून तर डॉक्टर दोघांना एकदम औषध देतात आणि गोळ्या पूर्ण होईपर्यंत, साधारण सात दिवस, लांब राहायला सांगतात.

आणि "मला काहीच त्रास नाही" हे तर तू असं लिहिलंयस जसं काही तोच रिपोर्ट आहे. क्लॅमिडिया बहुतेक बायकांना कळतच नाही, ना खाज ना दुखणं ना काही. गप्प बसून तो वर सरकू शकतो, गर्भाशयात, नळ्यांमध्ये, तिथे सूज येते, आणि काही जणींना मग काही वर्षांनी मूल हवं असतं तेव्हा राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहतो. सगळ्यांना होतं असं नाही, घाबरवायला सांगत नाहीये, पण ज्यावर सहसा आठवडाभराच्या अँटिबायोटिकने काम भागतं त्याच्यासाठी हा धोका घेण्यात काय शहाणपणा आहे ते मला कळत नाही. हां, त्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नकोस. दिवस गेलेले असतील तर औषध बदलावं लागतं, आणि अर्धवट डोसचा काही उपयोग नाही.

आता मैत्रिणीचं बघू, कारण मला राग तिथे आला. तुझ्या गुप्ततेसाठी तू तिची वापरलीस. तिच्या नावाने, तिच्या जन्मतारखेने तिथे एक फाइल आहे. पॉझिटिव्ह असेल तर तिथले लोक बंद नंबरवर फोन लावून थकले असतील, आणि उद्या ती खरंच त्याच ठिकाणी गेली तर तिच्यासमोर कॉम्प्युटरवर काय उघडेल? आणि तुझ्या उपचारालाही तो कागद चालणार नाही, कारण त्यावर तू नाहीचेस.

नाव लपवायचंच असेल तर सरळ मार्ग असतात गं. काही ठिकाणी नावाऐवजी नुसता नंबर देतात, विचारायचं फक्त. बाबांच्या पॉलिसीवर क्लेम केलास तर त्याचा हिशोब त्यांच्याकडे जाऊ शकतो, तेव्हा क्लेम करू नकोस, स्वतः पैसे भर किंवा मोफत तपासणीच्या ठिकाणी जा. रिपोर्ट हातात देणार की मेसेज येणार हे आधीच विचारून घे, आणि फोन लॉक असताना मेसेज दिसतो ते सेटिंग बंद कर. मावसबहीण एका लॅबमध्ये आहे, शहरातल्या सगळ्या लॅबमध्ये नाही. काही आजार क्लिनिकला आरोग्य खात्याला कळवावे लागतात, बऱ्याच देशांत तसा नियम आहे, पण ते खात्याला जातं, घरच्यांना नाही. आणि मोठ्या शहराला तू घाबरतेयस ते तर मला उलटंच वाटतं, तिथे वेटिंग रूममध्ये बसलेला प्रत्येक जण तुझ्यासारखाच मान खाली घालून फोनमध्ये बघत असतो.

झालं, यापेक्षा जास्त तुला त्यात काही लागत नाही. उद्या सकाळी त्या ठिकाणी फोन कर. तारीख सांग आणि म्हण, "मी दिलेलं नाव माझं नव्हतं, नंबरही बंद आहे, मला माझा रिपोर्ट हवाय." ओरडणार नाहीत, असं करणारी तू पहिली नाहीस. नियमामुळे देता येत नाही म्हणाले तर त्याच दिवशी जाऊन परत सॅम्पल दे, यावेळी तुझ्या नावाने. स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, बऱ्याच ठिकाणी आपला आपल्याला घेता येतो, लघवी मागितली तर आधी तासभर गेलेली नको आणि पहिली धार द्यायची. रक्तही परत दे, कारण दोन आठवडे क्लॅमिडियाला साधारण पुरतात पण एचआयव्हीला नाही, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती नवी टेस्ट संबंधानंतर ४५ दिवसांनी खात्रीने सांगते, आणि सिफिलिसला, तोही संबंधातूनच पसरतो, तीन महिनेही लागू शकतात. म्हणजे तेव्हाचा रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी तेवढ्यावर थांबू नकोस. क्लॅमिडिया निघालाच तर गोळ्या घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट.

त्यालाही सांग की हे चालू आहे, आणि उत्तर येईपर्यंत जवळ येऊ नकोस म्हणावं. तो समजेल, तो यातून एकदा गेलाय.

मैत्रिणीला मात्र उद्या संध्याकाळीच सांग, रिपोर्टमध्ये काहीही असो. चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. आणि सांगायच्या आधी टेस्ट केली त्या लोकांकडून तिचं नाव त्या फाइलवरून काढून घे.