पीटीएसडीच्या गोळ्या चालू असताना सारखं आजारी पडणं: प्रतिकारशक्ती कमी होते का?

प्रश्न: अपघातानंतर पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक आजार) झाला, त्यावर सर्ट्रालिन ही नैराश्यरोधी गोळी चालू आहे. पुण्याच्या पावसाळ्यात सतत सर्दी-ताप. गोळीमुळे का?

उत्तर: बहुधा नाही. सर्ट्रालिनने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सहसा घटत नाहीत. त्या घटवू शकणारं क्लोझापिन किंवा कार्बामाझेपिन असतं तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आधी बघितला असता.

पीटीएसडीत प्रतिकारयंत्रणा नुसती 'कमी' होत नाही, ती बिनसते. शरीर सतत सावध राहतं, अॅड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात आणि आयएल-६, सीआरपी हे रक्तातले दाहाचे (शरीरातल्या सुजेचे) निर्देशक अनेकांत थोडे चढे दिसतात. वर दुःस्वप्नांनी झोप मोडते. सर्दी लवकर पकडायला तेवढंही पुरतं, म्हणून झोपेचं डॉक्टरांशी आधी बोला.

हौसेने सीआरपीची तपासणी करून घेऊ नका. साध्या सर्दीतही तो वाढतो, आणि त्यावरून पीटीएसडीचं निदान होत नाही.

खरी काळजी वेगळी आहे. सर्ट्रालिनमुळे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटची चिकटण्याची क्षमता कमी होते. ताप आला की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत तर फारच. पॅरासिटामॉल चालतं, प्रौढांना ५०० ते ६५० मिग्रॅ, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर ठेवून. ताप दोन दिवसांवर गेला तर सीबीसी आणि एनएस१ (डेंग्यूची तपासणी) करा, आणि फिजिशियनला सर्ट्रालिनचं नाव सांगाच. लोक नेमकं तेच लपवतात.

गुळवेलीचा काढा रोज? नको, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

तापात सर्ट्रालिन मात्र परस्पर बंद करू नका. एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके येतात आणि तेही आजारच वाटतात.