आधी सही बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

'अल-फतात' हे इजिप्तमधलं जुनं अरबी स्त्री-मासिक उघडलं तर घरकाम, शिष्टाचार, बालसंगोपन; यातून लेखिका घडल्या कशा, असं वैतागून विचारतेस. चुकीच्या जागी बघते आहेस. मजकुराखालची सही बघ.

हिंद नौफलने नोव्हेंबर १८९२मध्ये अलेक्झांड्रियात हे मासिक काढलं, तेव्हा राजकारणापासून लांब राहणार असं सुरुवातीलाच सांगितलं. तू त्याला भित्रेपणा म्हणतेस. अगं, तिनेच वाचकिणींना लिहायला बोलावलं आणि मासिकात लिहिल्याने बाईच्या शालीनतेला बट्टा लागत नाही, असं बजावलं. परक्या पुरुषांच्या हाती आपलं नाव छापून पडणं, हीच मोठी अडचण होती. मग बाळाच्या दुधावरच्या चार ओळींखालची सहीसुद्धा लहान कशी?

आता कामाचं. वहीत चार रकाने आख: सही, गाव, मजकुराचा प्रकार, अंकाचा महिना. बारा अंक सलग घे. आधी शंका विचारणारं पत्र, मग कुणाला तरी प्रत्युत्तर, मग स्वतंत्र लेख, अशी एखादी बाई पुढे सरकली असेल तर ते सुट्या अंकांत दिसत नाही. हिजरी आणि इसवी दोन्ही तारखा असतील तर दोन्ही उतरव. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, नुसत्या अंदाजाने जुळवलंस की क्रम बिघडतो. बांधीव खंड मिळाला तर मुखपृष्ठं आणि जाहिराती आहेत का ते आधी तपास. बांधणीत त्याच उडतात.

आणि सही 'सुधारू' नकोस. बहुतेक जण इथेच घसरतात. खरं नाव कळलं की टोपणनाव खोडतात. इजिप्तमधल्याच दमिएत्ताच्या लेखिका आयेशा अब्द अल-रहमानने 'बिन्त अल-शाती', म्हणजे किनाऱ्याची लेक, हे नाव घेतलं ते कर्मठ वडिलांना कळू नये म्हणून. ते खोडलंस तर तो धाकही खोडलास. खरं नाव शेजारी पेन्सिलीने लिही. बायकी सहीमागे पुरुषही असू शकतो. पुरावा नसेल तिथे प्रश्नचिन्ह.

लबीबा नावाच्या संपादिका दोन आहेत, गल्लत करू नकोस. आयेशाचं सुरुवातीचं लेखन छापणारं 'अल-नहदा अल-निसाइय्या' हे मासिक लबीबा अहमदचं. कैरोतलं १९०६चं 'फतात अल-शर्क' लबीबा हाशिमचं. त्यातली नामवंत स्त्रियांची चरित्रं वाचताना झैनब फव्वाझचा १८९४चा चरित्रकोश शेजारी ठेव, म्हणजे तिथून काय घेतलं ते कळेल.

सहीचं मला वेड लागलंय, असं तुम्ही पोरं म्हणता. म्हणा. नुसते अग्रलेख वाचले की संपादिका तेवढ्या मोजल्या जातात, लिहिणाऱ्या राहून जातात. हा हट्ट मी सोडणार नाही.

बारा अंकांचा तक्ता झाला की पाठव. सारांश नको, तक्ताच.