दुधीच्या फुलावर रात्री कोण येतं?

प्रश्न : बाई, नेरूळला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ड्रममध्ये दुधी लावला आहे. फुलं भरपूर, पण बोटाएवढा दुधी धरतो आणि पिवळा पडून गळतो. सकाळी चहा घेऊन वर जाते तर एकही मधमाशी दिसत नाही. मुलगा म्हणतो, ‘जगातले ७५ टक्के कीटक संपलेत, आता दुधी मंडईतूनच आण.’ खरं आहे का हे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी चिरंजीवांचा आकडा बघू. तो जगाचा नाही, जर्मनीचा आहे. क्रेफेल्ड शहरातल्या हौशी कीटक-अभ्यासकांच्या मंडळाने ६३ संरक्षित जागांवर तंबूसारखे सापळे लावून, सापडलेले उडते कीटक वर्षानुवर्षे तोलले. २७ वर्षांत त्यांचं एकूण वजन तीन-चतुर्थांशाहून जास्त घटलं. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. आकडा भयंकर आहेच, पण तो वजनाचा आहे, जातींचा नव्हे. आणि तिथला आहे, नेरूळचा नव्हे.

मग नेरूळचा आकडा कुठे? नाही. ब्रिटनमध्ये ठरलेल्या वाटांवर दर वर्षी फुलपाखरं मोजण्याची पद्धत १९७६ पासून चालू आहे. आपल्याकडे मधमाश्या ओळखायला बसलं की आजही बिंगहॅमचा १८९७ सालचा ग्रंथ उघडावा लागतो. परागवाहकांवरचा, म्हणजे फुलाफुलांत पराग नेणाऱ्या कीटक-प्राण्यांवरचा, मोठा आंतरराष्ट्रीय अहवाल २०१६ मध्ये क्वालालंपूरला मंजूर झाला. वायव्य युरोप आणि उत्तर अमेरिकेत घट दिसते. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेबद्दल बोलायला पुरेशी माहितीच नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आणि युरोपचंही फार कौतुक नको. तिथल्या मधमाश्यांची लाल यादी, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे याची यादी, २०१४ मध्ये झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त जातींपुढे ‘माहिती अपुरी’ असाच शेरा पडला.

मधमाश्यांवर झालेल्या संशोधनातलं बरंचसं मेलिफेरा आणि बंबलबी (गुबगुबीत, केसाळ माशी) या दोघींभोवती फिरतं. मेलिफेरा ही पेट्यांत पाळलेली माशी. तिच्या वसाहती जगात १९६१ ते २००८ दरम्यान सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्याच. तेवढ्यावरून रानातल्या माश्यांचं बरं चाललंय असं ठरत नाही. बंबलबी तर सह्याद्रीत नाहीच, ती हिमालयाकडची. ठाण्याच्या येऊर जंगलात जाऊन काळ्या भुंग्याचे फोटो काढतात आणि खाली ‘बंबलबी’ लिहितात; माझा हात दुरुस्तीला शिवशिवतो. तो आपला लाकूड पोखरणारा भुंगा, आणि वांग्याच्या फुलातला पराग थरथरून पाडण्यात तो पटाईत. सातेरीला, म्हणजे आपल्या देशी मधमाशीला, ते जमत नाही.

आता तुमचा दुधी. त्याचं पांढरं फूल दिवेलागणीला उमलतं आणि सकाळी उन्हाबरोबर मलूल होतं. त्याचे पाहुणे म्हणजे रात्री फिरणारे, लांब सोंडेचे पतंग. त्यामुळे चहाच्या वेळी मधमाशी दिसली नाही यावरून काहीच ठरवू नका. (लाल भोपळा असता तर गोष्ट वेगळी, तो पहाटे उमलतो आणि दुपारच्या आत मिटतो.)

रात्री आठच्या सुमारास टॉर्च घेऊन वर जा. बारीक लांब देठावरचं ते नरफूल. ज्याच्या बुडाशी मऊ लव असलेला इवलासा दुधी आहे, ते मादीफूल. नरफूल तोडा, पाकळ्या मागे मुडपा आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या आतल्या गोळ्यावर हलके फिरवा. अशा काही फुलांना दोरा बांधा, काही तशीच सोडा. दोऱ्याचे दुधी वाढले आणि बाकीचे गळले, तर पाहुणे कमी पडताहेत. दोऱ्याचेही गळले, तर दोष पाण्यात, खतात किंवा फळमाशीत. टोचल्याचा बारीक डाग पडून दुधी तिथून सडत असेल तर तीच. पिकाला परागवाहक कमी पडतात का, हे संशोधकही असंच तपासतात.

एक विचारायचं राहिलं. डासांची धूर फवारणी तुमच्याकडे संध्याकाळी होते का? म्हणजे नेमकी दुधी उमलायच्या वेळी. डेंग्यूची भीती खरी आहे, फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण मशीन घेऊन गच्चीवर चढू नका, एवढं त्या माणसाला सांगता येईल.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर आग्यामोहोळ लागलंय. कमिटी पेस्ट कंट्रोल बोलावते आहे. पेटीत घालून वाचवता येईल का?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : पेटीत घालता येणार नाही. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लावते आणि फुलोरा संपला की स्वतःच उठून जाते. पेटीत राहतात त्या सातेरी आणि मेलिफेरा. पोळं खिडकीपासून लांब असेल तर थांबा. त्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा, कारण या माश्या उजेडावर येतात. वॉचमनला मशाल, फटाके, पाण्याचा फवारा असलं काही करू देऊ नका. खिडकीला खेटूनच असेल, तर पोळं न मारता हलवणारे जाणकार मिळतात; पैसे त्यांना द्या.

प्रश्न : मी ऐरोलीला बी.एस्सी.ला आहे. परागीभवनावर प्रोजेक्ट करायचंय. विषय सुचवा.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : खाडी तुझ्या दारात आहे. राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून २०२० मध्ये मान मिळालेली पांढरी चिप्पी मोह घालेल, पण तिचं फूल रात्रीचं. चिखलात रात्री जायचं नाही. तिवर घे, तेही कांदळवनातलंच झाड. पिवळसर, बटणाएवढी फुलं, झुबक्यात येतात, आणि काम दिवसाउजेडी होतं. मार्गदर्शकांना घेऊन आधी परवानगी काढ. एक झुबका ठरव, दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ. माशी, मुंगी, गांधीलमाशी, जे बसेल ते वेळेसकट आणि भरती-ओहोटीसकट लिही. नाव येत नसेल तर रंग आणि आकार लिही, फोटो काढ, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाक. आणि दहा मिनिटांत कोणीच आलं नाही, तर रकाना रिकामा सोडू नकोस, तिथे शून्य लिही.