'प्रतिनिधित्व' की 'चित्रण'?

प्रश्न असा आला आहे: एका जुन्या अॅनिमेशनपटाची चिकित्सा लिहायची आहे. 'रिप्रेझेंटेशन' आणि 'आयडिऑलॉजी'साठी कोशात 'प्रतिनिधित्व' आणि 'विचारसरणी' मिळाले. पण 'चित्रपटातील स्त्रियांचे प्रतिनिधित्व' लिहिलं की सभागृहातल्या जागा मोजतोय असं वाटतं. काय करावं?

तसं वाटणारच. 'प्रतिनिधी' म्हणजे एकाच्या जागी ठेवलेला दुसरा. यज्ञाला सोम ही वनस्पती मिळाली नाही तर त्याऐवजी पूतीक नावाची दुसरी चालते, तिलाही मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणारे शास्त्री, 'प्रतिनिधी'च म्हणतात. कोण कसं दिसतं, याच्याशी या शब्दाला काही देणंघेणं नाही. त्यासाठी 'चित्रण' हा शब्द आहे.

म्हणून तो टाकून द्यावा असंही नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांचा 'द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया' (१९१८) हा अॅनिमेशनपट घ्या. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवलं, सुमारे बाराशे माणसं गेली. बुडतानाचं चित्रीकरण कुणाकडेच नव्हतं. मॅके यांनी हजारो चित्रं काढून ते उभं केलं. शेवटी एक आई लेकराला पाण्यावर उचलून धरते आणि दोघंही खाली जातात. हे झालं चित्रण. आता मधेच येणारी छायाचित्रं बघा: कोट्यधीश आल्फ्रेड व्हँडरबिल्ट, नाट्यनिर्माते चार्ल्स फ्रोहमन, असे मोजके नामवंत. बाराशेंच्या जागी हे मूठभर. हे प्रतिनिधित्व, अगदी मीमांसकांच्या अर्थाने. भट्टीत कोळसा टाकणाऱ्याचा चेहरा त्यात नाही.

'चित्रण'चीही एक पंचाईत आहे. अॅनिमेशन म्हणजे आधीच चित्रं, त्यांचं पुन्हा चित्रण? मी अशा वेळी नाम सोडून क्रियापद धरतो: रंगवणं. 'जर्मनांना क्रूर रंगवलंय' म्हटलं की चित्रही आलं आणि रंगवणाऱ्याचा कलही. 'रंगवून सांगणं' आपण उगाच म्हणत नाही.

राहिली 'विचारसरणी'. शब्द चांगला आहे, फक्त तो नको तिथे खर्च होतो. या चित्रपटात एक पाटी येते: टॉरपेडो सोडणाऱ्याला कैसरने (जर्मन सम्राटाने) गौरवलं, आणि तरी आम्हाला सांगतात की द्वेष करू नका! अमेरिका युद्धात उतरून तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. याला सरळ 'प्रचार' म्हणा. जहाजात रायफलींची काडतुसंही होती, याबद्दल गप्प बसणं हाही प्रचारच. विचारसरणी शोधायची ती त्या छायाचित्रांच्या निवडीत. 'सरणी' म्हणजे वाट, आणि रोजच्या पायाखालच्या वाटेकडे कोण बघतं? श्रीमंत आणि प्रसिद्ध माणसांचेच चेहरे दाखवताना आपण काही मत मांडतोय, असं मॅके यांच्या मनातही आलं नसेल.

तुमच्या लेखाला शीर्षक हवं असेल तर 'कोणाला कसं रंगवलं, कोणाला वगळलं' एवढं पुरे. 'प्रतिनिधित्व' आणि 'विचारसरणी' आतल्या मजकुरात, आपापल्या जागी येऊ द्या.