पासवर्डची फाइल कोणी चाळली?

प्रश्न : नौपाड्यात आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. सगळ्या क्लायंटचे जीएसटी, आयकर, टीडीएसचे पासवर्ड सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये एका एक्सेल फाइलमध्ये आहेत. परवा एका कॉम्प्युटरवर व्हायरस सापडला. फाइल जागेवरच दिसते. मग चोरी झाली नाही असं धरायचं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जागेवरच दिसणार हो! चोर नक्कल नेतो, मूळ फाइल कशाला हलवेल? 'शेवटची केव्हा उघडली' त्या तारखेवरही विसंबू नका. अँटिव्हायरस किंवा बॅकअपनेही ती बदलू शकते. ऑडिटिंग (म्हणजे कोणी कोणती फाइल उघडली याची विंडोजने ठेवलेली नोंद; हिशेबाचं ऑडिट नव्हे) आधीपासून चालू नसेल, तर फाइल गेलीच असं समजा आणि दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदलायला घ्या. आधी ईमेलचे, कारण बाकीचे पासवर्ड रीसेट करण्याच्या लिंका तिथेच येतात. रिटर्नच्या घाईत हे नको वाटेल, कळतं मला. तरी करा.

आता पुढचं. सर्व्हरच्या ऑडिट पॉलिसीत 'फाइल सिस्टम' चालू करा आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, ऑडिटिंग इथे जाऊन 'वाचणे' या क्रियेची नोंद मागा. एकच केलंत तर काही उमटत नाही. दोन्ही केलंत की सिक्युरिटी लॉगमध्ये, म्हणजे विंडोजच्या सुरक्षेच्या नोंदवहीत, ४६६३ क्रमांकाची नोंद पडते : कोणत्या लॉगिनने कोणती फाइल वाचली. त्याच ऑडिट पॉलिसीत 'डिटेल्ड फाइल शेअर' चालू केलंत तर ५१४५ क्रमांकाच्या नोंदीत कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे नेटवर्कवरच्या कोणत्या कॉम्प्युटरवरून), तेही. ही नोंद मात्र ढिगाने पडते, म्हणून लॉगचा आकार वाढवून ठेवा. जुनं पुसलं जातं.

अडचण अशी की खरी फाइल तुमची मंडळी दिवसभर उघडतात, त्यात चोर दिसणार कसा? म्हणून शेजारी एक खोटी ठेवा : 'बँक पासवर्ड जुने'. आत बनावट मजकूर. कोणाचंही तिच्याशी काम नाही, तेव्हा ती वाचल्याची नोंद आली की चौकशी सुरू.

कॉम्प्युटरांवर ४६८८ ही नोंदही चालू करा : कोणता प्रोग्राम सुरू झाला ते ती सांगते. तीही कमांड लाइनसकट, म्हणजे दिलेल्या पूर्ण आज्ञेसकट (ती सेटिंग वेगळी असते). घुसखोर बहुधा 'फाइंडस्ट्र' कमांडने सगळ्या फायलींत 'पासवर्ड' हा शब्द शोधतो. अकाउंटंटच्या पीसीवर अशी कमांड चालण्याचं काही कारणच नाही.

रात्रीचा बॅकअपही खोटी फाइल वाचेल. तो कोणत्या लॉगिनने चालतो ते आधी टिपून ठेवा, नाहीतर पहिल्याच सकाळी ऑफिसात उगाच आरडाओरडा.